सुकटीच्या कुरकुरीत वड्या

डबाबंद मासळी आपल्या खिशाला परवडत नाही; पण सुकट बहुतेक घरांत असतेच. संध्याकाळी कामावरून आल्यावर तिच्या वड्या झटपट होतात. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो कवचासकट खाल्ला जातो, म्हणून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते.

काळजी घ्यायची ती मिठाची. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा.

वाटीभर सुकट कोरड्या तव्यावर भाजा. वास घरभर होईल. होऊ द्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मग भरपूर पाण्यात तीनदा धुवा आणि वरच्यावर काढून घ्या. वाळू तळाशी राहते, मीठही उतरते. घट्ट पिळा, नाहीतर वडी तव्यावर फुटते. त्यात उकडलेला बटाटा, बारीक कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर, हळद, दोन चमचे बेसन घालून मळा. मीठ घालण्याआधी सुकटीचे दोन दाणे चाखा. पुष्कळदा वरून लागतच नाही. पातळ थापून रव्यात घोळवा आणि दोन-तीन चमचे तेलात मध्यम आचेवर भाजा. खालची बाजू लाल होईपर्यंत उलथने लावू नका.

वाढताना मोजून वाढा. सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही दोन पडल्या पाहिजेत. वर लिंबू पिळा.

बीपी असलेल्यांनी सोबत लोणचे-पापड घेऊ नये. कोळंबी खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी या वड्या टाळाव्यात. जवळाही त्याच कुळातला.