हस्तलिखितांच्या छायाचित्रांतील अक्षरांची निवड

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती आज मूळ पोथी क्वचितच असते. बहुधा तिची संगणकीय छायाचित्रेच असतात. अशा छायाचित्रातील डाग काढून टाकणे, पुसट अक्षर गडद करणे, दोन हस्तांची वळणे शेजारी शेजारी मांडून ताडून पाहणे, यांपैकी काहीही करावयाचे तर चित्राचा कोणता भाग घ्यावयाचा व कोणता सोडावयाचा हे प्रथम ठरवावे लागते. फोटोशॉप, गिंप इत्यादी प्रणालींच्या संदर्भात या क्रियेस ‘निवड’ म्हणता येईल. ही केवळ हस्तकौशल्याची बाब आहे अशी समजूत विद्यार्थ्यांत आढळते, आणि म्हणून हे काम पुष्कळदा लिपी न जाणणाऱ्या साहाय्यकाकडे सोपविले जाते. वस्तुतः अक्षराभोवती सीमा आखणे हे वाचनच होय, आणि त्यात झालेली चूक पुढे पाठात उतरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संगणकीय छायाचित्र पिक्सेल नामक सूक्ष्म चौकोनांचे बनलेले असते. प्रत्येक पिक्सेलास तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन चॅनेलांत एकेक मूल्य असते, व ते सामान्यतः ० ते २५५ या मर्यादेत राहते. शाई कोठे संपते आणि कागद कोठे सुरू होतो ही रेषा चित्रात शोधू गेल्यास सापडत नाही. भिंगाची मर्यादा व कागदात पसरलेली शाई यांमुळे कडेचे दोन-तीन पिक्सेल काही अंशी शाईचे, तर काही अंशी कागदाचे असतात. दर इंचास ३०० पिक्सेल या प्रमाणात घेतलेल्या चित्रात १ मिलिमीटर रुंदीचा फराटा सुमारे १२ पिक्सेलांचा भरतो. निवडीची सीमा दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल बाहेर सरकली की तोच १४ पिक्सेलांचा, म्हणजे एकषष्ठांशाने जाड होतो. बोरूच्या टोकाच्या रुंदीवरून लेखनिक एक की दोन असा तर्क चालविणाऱ्यास फसविण्यास एवढे पुरे आहे.

या अडचणीचा विचार संगणकचित्रणात फार पूर्वी झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ॲल्व्ही रे स्मिथ व एड कॅटमल यांनी ‘अल्फा’ ही कल्पना मांडली आणि १९८४ साली टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी तिचे गणित व्यवस्थित बांधले. त्यानुसार निवड म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर नव्हे. प्रत्येक पिक्सेलात इष्ट वस्तूचा वाटा किती, हे सांगणारी ती संख्या होय. या संख्यांचे जे करडे चित्र बनते त्यास मास्क म्हणतात: पांढरे ते पूर्ण घेतलेले, काळे ते पूर्ण सोडलेले, व मधल्या छटा कडेच्या. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ‘फेदर’ या सोयीने कड मऊ होते खरी, परंतु ती सर्वत्र सारखीच मऊ होते. शाई प्रत्यक्षात कोठे पसरली व कोठे तुटक राहिली याचे तिला ज्ञान नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘मॅजिक वाँड’ या साधनाने एका पिक्सेलावर बोट ठेवले असता त्याच्याशी ठराविक मर्यादेत जुळणारे पिक्सेल निवडले जातात. ही मर्यादा म्हणजे टॉलरन्स. विद्यार्थी ती कमीअधिक करीत बसतात. तथापि अगोदर विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: निवड कोणत्या चॅनेलावरून करावयाची? आपल्याकडील जुन्या लेखनात काजळाची शाई विपुल आढळते, आणि ती तिन्ही चॅनेलांत काळीच दिसते. कागदावरील पिवळसर तपकिरी डाग मात्र निळ्या चॅनेलात गडद व तांबड्या चॅनेलात फिकट असतात. यास्तव तांबडा चॅनेल वेगळा काढून त्यावरून मास्क तयार केल्यास डाग बव्हंशी आपोआप गळतात आणि अक्षर उभे राहते. लोहयुक्त शाई जुनी होऊन तपकिरी पडली असेल, तर मात्र हाच चॅनेल अक्षरासही फिकट करतो.

एवढ्यावर समाधान मानणाऱ्यास पोथीच दगा देते. अनेक पोथ्यांत दंड, श्लोकांक व पुष्पिका हिंगुळाने लिहिलेल्या असतात. तांबड्या चॅनेलात हिंगूळ कागदाइतकाच उजळ दिसतो, आणि निवडीतून पुष्पिकाच नाहीशी होते; म्हणजे लेखनिकाचे नाव व लेखनकाल ज्या ओळींत असावयाचा, नेमक्या त्याच ओळी. हरताळाची गोष्ट याहून बारीक आहे. चुकलेल्या अक्षरावर लेखनिक हरताळाचा पिवळा लेप देत असत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार याच चालीशी जोडला जातो. तांबड्या चॅनेलात हा लेप कागदात मिसळून जातो व दुरुस्त केलेली जागा स्वच्छ लिहिल्यासारखी भासते. निळ्या चॅनेलात तोच लेप गडद डाग होऊन वरचे नवे अक्षरही झाकतो. प्रस्तुत लेखकाने अशी एक दुरुस्ती पूर्वी गमावली आहे, आणि मूळ पत्र हाती घेईपर्यंत तिचा पत्ता लागला नव्हता. म्हणून शाई, हिंगूळ व हरताळ यांचे मास्क स्वतंत्रपणे करावेत. ओत्सू यांनी १९७९ साली सुचविलेली, काळे व पांढरे यांची सीमा गणिताने ठरविणारी प्रसिद्ध रीत चित्रात दोनच वर्ग आहेत असे गृहीत धरते. तीन-चार द्रव्यांच्या पानास ती एकटी पुरी पडत नाही.

निवडीनंतर बारीक ठिपके झाडून टाकण्याची प्रथा आहे. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार वर सांगितलेल्या प्रमाणात अवघ्या २७ पिक्सेलांचा भरतो. ५० पिक्सेलांखालचे सर्व काढा अशी आज्ञा दिल्यास धुळीबरोबर अनुस्वारही जातात. ६०० पिक्सेलांचे प्रमाण घेतल्यास तोच ठिपका शंभरावर जातो, व धूळ आणि लेखन यांतील भेद करण्यास वाव मिळतो. मोडी कागदांत निराळीच अडचण येते. तेथे शिरोरेघ ओळभर सलग असल्यामुळे एका अक्षरावर बोट ठेवताच तिला टेकलेली सारी ओळ निवडीत येते. अशा वेळी ‘पेन टूल’ने अक्षर हाताने वेगळे करावे लागते, परंतु त्याच्या वक्ररेषा गुळगुळीत असतात, आणि लेखनिकाच्या हाताचा कंप, जो हस्तपरीक्षेत मोलाचा, त्यांत हरवतो.

जेपेग रीतीने साठविलेल्या चित्रात रंगाची माहिती बहुधा दोन्ही दिशांनी निम्म्याच बारकाईने ठेवलेली असते. रंगावरून निवड करावयाची असेल, तर टिफसारखे अक्षत चित्रच मागवावे.

स्वयंचलित साधनेही आता विपुल आहेत. मॉर्टेन्सन व बॅरेट यांची कडेस चिकटणारी ‘इंटेलिजंट सिझर्स’ १९९५ सालची, ‘ग्रॅबकट’ २००४ सालचे, आणि ‘सेगमेंट एनिथिंग’ हे प्रारूप २०२३ सालचे. श्रम वाचविण्यास त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु मागच्या पानावरची शाई पुढे उमटली असता तो फराटा या पानाचा की त्या पानाचा, हे रंगावरून वा कडेवरून नेहमीच ठरत नाही. मागच्या पानाचे चित्र उलटे करून त्यावर बसवून पाहावे, आणि तरीही निर्णय होत नसेल तर संशय नोंदवावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली असते. छायाचित्रात तिचे काम संशयित फराट्यांचा निराळा मास्क करू शकेल. तो मूळ मास्कात करड्या छटेने मिसळू नये, कारण तेथे करडा रंग शाईचा वाटा सांगतो, वाचकाचा संशय नव्हे.