हैदराबादमधील प्रेक्षणीय स्थळे

हैदराबाद ही तेलंगण राज्याची राजधानी असून दख्खनच्या पठारावरील मोठ्या शहरांत तिची गणना होते. लोकसंख्या ६७,३१,७९० (२०११). कृष्णेची उपनदी मुसी हिच्या दोन्ही काठांवर, समुद्रसपाटीपासून सु. ५४० मी. उंचीवर शहर वसले आहे. येथील वास्तूंचा परिचय बहुधा राजवंशांच्या क्रमाने करून देण्यात येतो. परंतु त्या जेथे आहेत तेथेच का उभ्या राहिल्या, याचा उलगडा पुष्कळदा पाण्याच्या इतिहासातून होतो.

शहराच्या पश्चिमेस सु. ११ किमी.वर गोवळकोंड्याचा किल्ला आहे. काकतीयांच्या काळातील मूळ मातीच्या कोटाचे कुत्बशाहांनी दगडी तटबंदीच्या बेलाग दुर्गात रूपांतर केले. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी सु. १२० मी. उंचीच्या टेकडीवरील बालाहिसारात ऐकू येते. प्रवासी या गमतीत रमतात आणि त्याहून विलक्षण असलेली पाणीपुरवठ्याची योजना मात्र सहसा पाहत नाहीत. रहाटांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवून ते मातीच्या नळांवाटे महालांत खेळविलेले होते. औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ मध्ये हा किल्ला घेतला, तोही फितुरीने. जवळच कुत्बशाही सुलतानांच्या घुमटाकार कबरी आहेत. या परिसरातील मोठी बारव २०१३ च्या पावसाळ्यात ढासळली होती. ती पुढे पारंपरिक पद्धतीने पुन्हा बांधून काढण्यात आली.

किल्ल्यातील दाटी व पाण्याची टंचाई यांमुळे मुहम्मद कुली कुत्बशाहाने १५९१ मध्ये मुसीच्या दक्षिणेस नवे शहर वसविले. नदीवरील पुराना पूल त्याआधीच, १५७८ मध्ये, बांधून झाला होता. नव्या शहराच्या मध्यभागी, चार रस्त्यांच्या चौकात चारमिनार उभारण्यात आला. त्याचे मिनार सु. ५६ मी. उंच असून वरच्या मजल्यावर मशीद आहे. प्लेगच्या निवारणाप्रीत्यर्थ तो बांधला, ही समजूत रूढ असली, तरी नव्या राजधानीचा मध्यबिंदू म्हणूनच त्याची योजना झालेली दिसते. शेजारच्या मक्का मशिदीचे काम मुहम्मद कुत्बशाहाच्या कारकीर्दीत (१६१२–२६) सुरू झाले आणि औरंगजेबाच्या अमलात, १६९४ मध्ये पूर्ण झाले. मराठी बखरींतील भागानगर ते हेच. दक्षिण दिग्विजयाच्या प्रारंभी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज व अबुल हसन कुत्बशाहा यांची भेट येथे झाली. आसफजाही निजामांचा चौमहल्ला राजवाडा याच जुन्या शहरात आहे.

ज्या नदीसाठी शहर येथे आले, तिनेच त्यावर सर्वांत मोठा आघात केला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुरात अंदाजे १५,००० माणसे दगावली. इतर पूल वाहून गेले व पुराना पूल हाच दोन काठांमधील दुवा उरला. उत्तर काठावरील एका चिंचेच्या झाडावर चढून सु. दीडशे लोकांनी जीव वाचविला, असे सांगतात. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेनुसार शहराच्या वरच्या अंगास मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधण्यात आले. त्यांनी पुराला आवर घातला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. उद्ध्वस्त काठांची पुनर्रचना होऊन दक्षिणेस उच्च न्यायालय व उत्तरेस उस्मानिया रुग्णालय या भव्य इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या. ते चिंचेचे झाड रुग्णालयाच्याच आवारात आहे. दक्षिण काठावरच सालारजंग संग्रहालयाची इमारत (१९६८) आहे. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची ‘बुरख्यातील रिबेका’ ही संगमरवरी मूर्ती व तासाला टोल देणारे घड्याळ यांभोवती तेथे नेहमी गर्दी असते.

उत्तरेकडील हुसेनसागर हा तलाव याहून जुना, सोळाव्या शतकातील. त्यातील अखंड ग्रॅनाइट शिळेची बुद्धमूर्ती सु. १८ मी. उंच आहे. १९९० मध्ये ती नेणारा तराफा उलटून आठ जण मृत्युमुखी पडले व मूर्ती तळाशी गेली. ती १९९२ मध्ये वर काढून बसविण्यात आली. पिण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी आज पिण्यायोग्य नाही आणि शहरातून वाहणारी मुसी सांडपाण्याने भरलेली आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी शिरले व तेथील रुग्ण हलवावे लागले. नव्या रुग्णालयाची पायाभरणी जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे झाली. जुन्या इमारतीचा वारसा म्हणून सांभाळ व्हावा, हा तेथील नागरिकांचा आग्रह त्यापूर्वीपासूनचा आहे.