आचरेकर सर आणि डबेवाल्यांचा मुकादम

परवा दादर स्टेशनबाहेर डबेवाल्यांची वाटणी बघत होतो. मुकादम कोण, हे विचारल्याशिवाय कळलं नाही. तोही सगळ्यांसारखाच डबे उचलत होता!

नेतृत्वाच्या दोन वेगळ्या पद्धती दादरमध्येच घडल्या.

पहिली शिवाजी पार्कची. तिथे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचा शब्द अंतिम असायचा. स्वतःची मॅच सोडून शारदाश्रम शाळेच्या सीनियर टीमची मॅच बघायला गेलेल्या लहानग्या सचिन तेंडुलकरने त्यांची थप्पड खाल्ली होती. पण हेच सर त्याला स्कूटरवरून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात न्यायचे. स्टंपवर रुपया ठेवायचे. नाबाद राहिला तर तो सचिनचा.

दुसरी डबेवाल्यांची. १८९० पासूनचा हा धंदा. इथे मालक-नोकर नाहीत, सगळे भागीदार. अनुभवी मुकादम गट सांभाळतो, भांडणं मिटवतो.

मी शाळेतल्या मुलांना कबड्डी शिकवतो. माझा अनुभव असा: शिकण्याच्या वयात शिस्त लागते, पण त्यामागची माया दिसली तरच मुलं टिकतात. जाणत्या माणसांना मात्र हुकूम नको, विश्वास हवा. लोकल चुकली तर काय करायचं, हे डबा ज्याच्या हातात आहे त्यालाच ठरवावं लागतं.

तुमच्या ऑफिसात, टीममध्ये कुठली पद्धत चालते? नक्की लिहा. प्रश्न असतील तर तेही विचारा.