स्वीकाराधिष्ठित समूहचिकित्सा

सामाजिक भयगंडाने पीडित व्यक्तींना एकत्र आणून, मनातील भीती आधी नाहीशी करण्याऐवजी ती असतानाच इष्ट व्यवहार करण्यास शिकविणारी मानसचिकित्सेची एक पद्धती. चारचौघांत आपली परीक्षा होत आहे आणि आपण हास्यास्पद ठरू, अशा तीव्र व चिवट धास्तीस सामाजिक भयगंड अथवा सामाजिक चिंताविकृती म्हणतात. सभेत बोलणे, अनोळखी माणसाशी संभाषण करणे, इतरांदेखत जेवणे, फार काय, कोणी पाहत असता सही करणेही अशा व्यक्तीस अवघड जाते. छाती धडधडते, चेहरा लाल होतो, हात कापतो; आणि हे इतरांच्या ध्यानात येईल हीच पुन्हा नवी भीती होऊन बसते. विकृतीचा आरंभ बहुधा पौगंडावस्थेत होतो. आपल्याकडे तिला बुजरेपणा समजून सोडून दिले जाते. मुलीच्या बाबतीत तर तिचे कौतुकही होते. परिणामी शिक्षण, नोकरी, विवाह यांतील संधी एकामागून एक निसटतात आणि उपचारास येईपर्यंत अनेक वर्षे गेलेली असतात.

इतर भयगंडांहून हा विकार निराळा असल्याचे आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर या ब्रिटिश मनोविकारतज्ञांनी १९६६ मध्ये दाखविले आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत त्यास स्वतंत्र स्थान दिले. तो टिकून कसा राहतो, याचे विवरण डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये केले. भयभीत व्यक्तीचे अवधान समोरच्या माणसाकडून स्वतःकडे वळते. कापणारा हात ती खिशात लपविते, वाक्ये मनात घोकते, नजर टाळते. या बचावाच्या युक्त्यांमुळेच आपण निभावून नेले असे तिला वाटते आणि भीती खोटी ठरण्याचा प्रसंगच येत नाही. १९८० नंतर रिचर्ड हाइमबर्ग यांनी रूढ केलेल्या बोधात्मक वर्तन-समूहचिकित्सेत अशा भयजनक विचारांची पुराव्यानिशी तपासणी करून ते बदलण्यावर भर असतो.

स्वीकारवादी पद्धतीची भूमिका वेगळी आहे. स्टीव्हन हेझ, कर्क स्ट्रोझाल व केली विल्सन यांनी १९९९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या चिकित्सेनुसार, विचार खोडून काढण्याची गरज नाही. तो एक विचार आहे एवढे ओळखले म्हणजे पुरे. भीतीशी झुंजणे ही रस्सीखेच आहे. ती जिंकण्यापेक्षा दोर सोडून द्यावा आणि मोकळ्या झालेल्या हातांनी आपले काम करावे, असा दृष्टांत या चिकित्सेत देतात.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. जपानमधील मनोविकारतज्ञ शोमा मोरिता (१८७४–१९३८) यांनी सुमारे १९१९ पासून जनभयाच्या रुग्णांवर याच तत्त्वाने उपचार केले. तरुणपणी ते स्वतः चिंतालक्षणांनी त्रस्त होते. त्यांच्या पद्धतीत रुग्णास प्रथम काही दिवस संपूर्ण एकांतात अंथरुणावर ठेवीत; मग हलकी कामे, नंतर कष्टाची कामे आणि शेवटी लोकव्यवहार असा क्रम असे. भावना जशी आहे तशी राहू द्यावी, हातातले काम मात्र सोडू नये, हे त्यांचे सूत्र. या विचारावर आधारलेली रुग्णांची परस्परसाहाय्य मंडळी १९७० मध्ये जपानमध्ये स्थापन झाली.

समूहोपचाराचे एक प्रचलित स्वरूप म्हणजे आठवड्यातून एकदा सुमारे दोन तासांची, अशा बारा बैठका. श्वासाकडे लक्ष देणे, एखादा मनुका सावकाश पाहून, हुंगून, चघळून खाणे अशा सजगतेच्या अभ्यासांनी आरंभ होतो. पुढे प्रत्येकाने आपल्याला खरोखर काय मोलाचे वाटते ते सांगावयाचे असते : मित्र हवेत, शिकवावेसे वाटते, भावाच्या लग्नात वावरायचे आहे. मग त्या दिशेने नेणारे, आजवर टाळलेले प्रसंग समूहातच व नंतर बाहेर घडवून आणतात. येथे समूहाचे विशेष महत्त्व आहे. कारण ज्याची भीती तेच उपचाराचे साधन होते. काही जण दारापर्यंत येऊन परत फिरतात. जे बसतात, त्यांना शेजारच्याचाही हात कापताना दिसतो. चिकित्सकाच्या कोणत्याही आश्वासनाहून हे दृश्य अधिक परिणामकारक असते.

नॅन्सी कोकोव्हस्की व सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३७ व्यक्तींची यदृच्छया विभागणी केली होती. स्वीकाराधिष्ठित व बोधात्मक हे दोन्ही समूह प्रतीक्षायादीवरील व्यक्तींहून अधिक सुधारले. परस्परांत मात्र लक्षणांच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा ही पद्धती जुनीहून श्रेष्ठ असल्याचा दावा करता येत नाही. विचारांशी वाद घालून थकलेल्यांस दुसरी वाट मिळते, एवढे म्हणता येते.

स्वीकार या शब्दाने गैरसमज होण्याचा संभव आहे. स्वीकार करावयाचा तो स्वतःच्या धडधडीचा व शरमेचा, इतरांनी केलेल्या अपमानाचा नव्हे. जात, रंग वा व्यंग यांवरून ज्याची खरोखरीच हेटाळणी होते, त्यास ती सोसण्याचा उपदेश करणे हा चिकित्सेचा विपर्यास होय. तसेच भीती घालविण्याची युक्ती म्हणून श्वासाभ्यास होऊ लागला, तर तोही बचावाचाच नवा प्रकार ठरतो. तीव्र अवसाद किंवा आत्महत्येचे विचार असलेल्या व्यक्तीची प्रथम स्वतंत्र तपासणी करतात. आवश्यकतेनुसार औषधोपचारही जोडीने देता येतो.