किल्ली फिरत नाहीं तेव्हां

संसारांतील कित्येक संकटें क्षुल्लक वस्तूच्या अडवणुकीनें ओढवतात. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आमच्या वडील बंधूंना एकाएकीं धाप लागली. वरठीहून तातडीनें भंडाऱ्यास जावयाचें, मोटार कुंपणाच्या भिंतीशीं उभी, आणि किल्ली कुलपांत शिरूनही तसूभर फिरेना! पुतण्या जोर करूं लागला. आम्हीही ‘जरा नेट लाव’ असाच उपदेश केला. इतक्यांत आमची धाकटी सून पुढें आली. ‘मामंजी, जोर नको. किल्ली आंतच मोडेल,’ असें म्हणून तिनें एका हातानें स्टिअरिंगचें चाक हलकेंच डावी-उजवीकडे हालविलें व दुसऱ्या हातानें किल्ली वळविली. खट् असा आवाज होऊन गाडी चालूं झाली. बंधु वेळेवर दवाखान्यांत पोंचले व आज सुखरूप आहेत.

मागाहून आम्हीं तिच्याकडूनच यांतील मर्म समजून घेतलें. किल्ली काढल्यावर स्टिअरिंगचें चाक थोडें फिरलें, कीं एक लोखंडी खीळ पुढें येऊन त्याचा दांडा जखडते. चोरी टाळण्यासाठीं केलेली ही योजना आहे. पुढचीं चाकें वळलेल्या स्थितींत भिंतीस वा दगडास टेकलेलीं असलीं, तर त्या ताणानें खीळ खांचेंत दाबली जाते व किल्ली अडते. ताण सैल केला, कीं खीळ सुटते.

इतरही कारणें संभवतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत दांडा ‘पी’ या अक्षरावर नसल्यास कांहीं गाड्यांची किल्ली फिरत नाहीं. कुलपाच्या आंत लहानमोठ्या पातळ पट्ट्या असतात. किल्लीच्या दात्यांनीं त्या एका पातळींत आल्या, तरच आंतील नळी फिरते. म्हणून झिजलेली किल्ली निरुपयोगी होते. अशा वेळीं ठेवणींतील दुसरी किल्ली लावून पाहावी, आणि नवी करावयाची ती त्या न झिजलेल्या किल्लीवरूनच करावी. कुलपांत धूळ बसली असल्यास घरांतलें तेल ओतूं नये. त्यास धूळ अधिकच चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चालते. एवढ्यानेंही न भागल्यास कारागीर बोलवावा. मात्र घरांत कोणी अत्यवस्थ असेल, तर किल्लीशीं झटत न बसतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

१९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेनें इंजिन चालूं करण्याची सोय आली. तत्पूर्वीं पुढें उभें राहून हँडल मारावें लागे व त्यांत कित्येकांचे हात मोडत. अंगबळाची ती गरज यंत्रानें केव्हांच दूर केली. परंतु आम्हां पुरुषांची जोर करण्याची खोड मात्र गेली नाहीं! अलीकडे पुष्कळ गाड्या बटणानें चालूं होतात, तरी किल्लीच्या गाड्या अजून घरोघर आहेत.

चाळीस वर्षें आम्हीं वर्गांत ‘शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ’ हें शिकविलें. तें त्या रात्रीं आमच्या सुनेनें आम्हांस शिकविलें. सून मोटार शिकूं लागली तेव्हां ‘हिला हें कशास हवें?’ असें आम्हीच म्हणालों होतों, हें येथें कबूल करणें भाग आहे. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं घरांतील सर्व वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांना गाडीपाशीं जमविलें व प्रत्येकाच्या हातीं किल्ली दिली. दुसरी किल्ली आतां माजघरांत खुंटीस लावलेली आहे. वाचकांनींही आजच आपल्या घरीं विचारून पाहावें: दुसरी किल्ली कोठें आहे, आणि ती कशी फिरवावी, हें किती जणांना ठाऊक आहे?