आपल्या नेव्हिलचे तीन गोल

फुटबॉल म्हटलं की आमच्या नाशिकच्या मुलांच्या तोंडी सगळी परदेशी नावं. घरातल्या मोठ्यांना फार तर इटलीचा पावलो रॉस्सी आठवतो. १९८२ च्या विश्वचषकात एकट्याने तीन गोल करून त्याने ब्राझीलला घरी धाडलं. पण मैत्रिणींनो, त्याच्या २६ वर्षं आधी हाच पराक्रम मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑलिंपिकमध्ये केला, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्नमध्ये समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. तरी नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल, ३३ व्याला दुसरा आणि मध्यंतरानंतर लगेच तिसरा! भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. पण नंतर त्यांनी चार चढवले, मग बल्गेरियाने ३-० हरवलं आणि भारत चौथा आला. चौथ्याला पदक कुठलं? आणि पदक नाही म्हटल्यावर आपल्याकडे कौतुकही बेताचंच. खरं तर चार गोलांसह तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता.

त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर ‘मैदान’ हा सिनेमा २०२४ मध्ये आला. नेव्हिल मात्र १९८० सालीच गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी.