विश्लेषण : शाळेत स्वच्छतागृह बांधले, ते रोज धुणार कोण?

सरकारी शाळांत स्वच्छतागृहे बांधण्यासाठी मोहिमा झाल्या, निधी आला, फलकही लागले. मात्र ती रोज धुण्यासाठी माणूस कोणी नेमायचा, त्याचे पैसे कोणत्या शीर्षातून द्यायचे, याचे सरळ उत्तर ना कायद्यात आहे, ना अंदाजपत्रकात. त्यामुळे शाळेच्या वेळेत कुलूप लावलेली स्वच्छतागृहे आणि हातात झाडू घेतलेले गुरुजी ही दोन्ही दृश्ये गावोगावी नेहमीची झाली आहेत.

आहेत, पण वापरता येतात का?

केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ माहितीनुसार देशातील ९७ टक्क्यांच्या आसपास शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे. ही माहिती शाळा स्वतः भरतात. ‘असर’ सर्वेक्षणात स्वयंसेवक ग्रामीण भागातील शाळांत प्रत्यक्ष जाऊन दार उघडून पाहतात. त्यांच्या २०२४च्या अहवालानुसार मुलींसाठीचे वापरण्याजोगे स्वच्छतागृह ७२ टक्के शाळांत आढळले. दोन्ही आकड्यांचा पाया वेगळा असल्याने त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. तरीही ‘आहे’ आणि ‘वापरता येते’ यांतले अंतर त्यातून दिसते.

हे अंतर का पडते, याचा अंदाज भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातून येतो. ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी शाळांत बांधलेल्या स्वच्छतागृहांची पाहणी लेखापरीक्षकांनी १५ राज्यांत केली. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या या अहवालानुसार सुमारे ७२ टक्के स्वच्छतागृहांत वाहत्या पाण्याची सोय नव्हती. दिवसातून किमान एकदा सफाई व्हावी, हा निकष ७५ टक्के ठिकाणी पाळला जात नव्हता. काही ठिकाणी सफाई आठवड्यातून दोनदा, तर काही ठिकाणी महिन्यातून एकदा होत होती.

याचा सर्वाधिक फटका मुलींना बसतो. स्वच्छतागृह अस्वच्छ असले की मुली दिवसभर पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. मासिक पाळीच्या दिवसांत घरी राहणे त्यांना सोयीचे वाटते. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला म्हणून ही गैरसोय संपत नाही.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेसाठी किमान निकष दिले आहेत : प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, क्रीडांगण, कुंपण वगैरे. शिक्षक किती असावेत हे पटसंख्येनुसार ठरवून दिले आहे. या यादीत शिपाई किंवा सफाई कर्मचारी मात्र नाही. म्हणजे स्वच्छतागृह बंधनकारक, ते स्वच्छ ठेवणारा माणूस ऐच्छिक.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्व राज्यांना शाळांत पाणी, स्वच्छतागृहे व पुरेशा वर्गखोल्यांबरोबरच शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी सहा महिन्यांत उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले होते. स्वच्छतागृहांच्या बांधकामाला त्यानंतर वेग आला. प्राथमिक शाळांतील शिक्षकेतर पदांचा प्रश्न मागेच राहिला. दुसरीकडे याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. तरीही अनेक शाळांत प्रार्थनेपूर्वीचा अर्धा तास शिक्षकांचा झाडलोटीतच जातो.

राज्यात सध्या सफाई कोण करते?

उत्तर शाळेच्या प्रकारानुसार बदलते. जिल्हा परिषदेच्या बहुतांश प्राथमिक शाळांत शिपायाचे पदच मंजूर नाही. तेथे वर्ग विद्यार्थी झाडतात, अंगण शिक्षक व विद्यार्थी मिळून साफ करतात आणि स्वच्छतागृहासाठी गावातील एखाद्या व्यक्तीला थोडेफार पैसे देऊन बोलावले जाते. हे पैसे कधी शाळेच्या अनुदानातून, कधी लोकवर्गणीतून, तर कधी शिक्षकांच्या खिशातून जातात.

अनेकदा ही जबाबदारी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंवर ढकलली जाते. त्यांचे केंद्राने ठरवलेले मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातील १० महिने. राज्याने त्यात भर घालून ते २५०० रुपयांपर्यंत नेले आहे. त्यांची नेमणूक स्वयंपाकासाठी असते. मानधनाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, स्वच्छतागृह धुणे आणि शंभर मुलांची खिचडी शिजवणे ही कामे एकाच माणसाकडे सोपवणे अन्नसुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

खासगी अनुदानित शाळांत शिपाई, म्हणजे मुलांचे ‘मामा’ आणि ‘मावशी’, हे वेतनश्रेणीवरील पद होते. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने ही चतुर्थश्रेणी पदे टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरले. कार्यरत कर्मचारी निवृत्त झाला की पद रद्द होते आणि त्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळतो. शाळा कोणत्या भागात आहे त्यानुसार तो दरमहा ५ हजार ते १० हजार रुपये आहे. एवढ्या रकमेत घंटा वाजवण्यापासून टपाल पोहोचवण्यापर्यंत आणि पाणी भरण्यापासून सफाईपर्यंत सारे करणारा माणूस टिकवणे संस्थांना अवघड जाते.

मोठ्या महापालिकांच्या बहुमजली शाळांत कंत्राटी हाउसकीपिंगचा मार्ग अवलंबला जातो. तेथे माणसे असतात, पण ती कंत्राटदाराची. काम नीट झाले नाही तर मुख्याध्यापक तक्रार करू शकतात, मजुरी रोखू शकत नाहीत. कंत्राटाची मुदत संपून नवी निविदा रखडली, की मधले काही महिने पुन्हा शाळेच्या माथी येतात.

शाळेला अनुदान मिळते, ते पुरत नाही का?

समग्र शिक्षा अभियानातून प्रत्येक सरकारी शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक ‘संयुक्त शाळा अनुदान’ मिळते. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार, २५१ ते १००० पटाला ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करणे अपेक्षित आहे.

सर्वात लहान शाळेचा हिशेब केला तर १० हजारांचे १० टक्के म्हणजे वर्षाला १००० रुपये. प्राथमिक शाळेचे किमान २०० दिवस धरले तर दिवसाला ५ रुपये. यात फिनेलची बाटली, झाडू, खराटा, साबण आणि माणूस हे सारे बसवायचे. मुख्याध्यापकाने संपूर्ण अनुदान सफाईवर घालायचे ठरवले तरी दिवसाला ५० रुपयेच होतात. आणि मग वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्टेशनरी यांसाठी काहीच उरत नाही. राज्यात २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा सुमारे १५ हजार आहेत. त्या सगळ्या याच गटात मोडतात.

येथे आणखी एक अडचण आहे. अनुदान पटावर ठरते, सफाईचे काम मात्र इमारतीवर. पट ४० वरून २५ वर आला म्हणून खोल्या, व्हरांडा आणि स्वच्छतागृहे कमी होत नाहीत. अनुदान मात्र २५ हजारांवरून १० हजारांवर येते.

एका शाळेला किती माणसे लागतात, हे कसे ठरवतात?

अमेरिकेत शाळांच्या सफाईसाठी क्षेत्रफळाचा हिशेब वापरतात. तेथील राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाळा-देखभाल मार्गदर्शिकेत स्वच्छतेचे पाच स्तर सांगितले आहेत. दुसऱ्या स्तराची स्वच्छता हवी असेल तर एक कर्मचारी आठ तासांत १८ ते २० हजार चौरस फूट सांभाळू शकतो. बहुतेक शाळांना चालणाऱ्या तिसऱ्या स्तरासाठी हाच आकडा २८ ते ३१ हजार चौरस फूट आहे. पाचव्या स्तरावर तो ८५ हजारांच्या पुढे जातो. पण ती स्वच्छता आरोग्याला अपायकारक समजली जाते. कर्मचारी कमी केले तर स्वच्छतेचा कोणता स्तर स्वीकारावा लागेल, हे या पद्धतीत आधीच कागदावर दिसते.

यंत्रे आणि नळाचे पाणी गृहीत धरलेले हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. जेथे पाणी हापशावरून बादलीने आणावे लागते, तेथे क्षेत्रफळापेक्षा पाण्याच्या फेऱ्या मोजाव्या लागतात. मात्र काम आधी मोजायचे आणि मग माणूस ठरवायचा, ही रीत घेण्यासारखी आहे.

दोन खोल्यांची एखादी शाळा घ्या. खोल्या, व्हरांडा, दोन स्वच्छतागृहे, हात धुण्याची जागा आणि टाकी भरणे असे रोजचे काम साधारण तास-दीड तासाचे होईल. खरी गुंतागुंत येथेच आहे. हे काम पूर्णवेळ पद मंजूर करण्याइतके मोठे नाही, म्हणून पद मिळत नाही. आणि ते टाळता येण्याइतके लहानही नाही, म्हणून कोणाच्या तरी गळ्यात पडते.

मुलांनी सफाई केली तर बिघडले कुठे?

राज्याला श्रमसंस्काराची मोठी परंपरा आहे. गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आणि साने गुरुजींच्या नावाने स्वच्छ शाळा स्पर्धा येथेच झाल्या. जपानमध्येही विद्यार्थी रोज वर्ग, जिने आणि अनेक शाळांत स्वच्छतागृहेही साफ करतात. मात्र तेथे शाळेच्या देखभालीसाठी प्रौढ कर्मचारीही असतात. मुलांची सफाई हा शिक्षणाचा भाग असतो. माणूस नेमला नाही म्हणून शोधलेली पळवाट नसते.

आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न जातीपासून सुटा करता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात निवासी शाळेतील दलित विद्यार्थ्यांना शोषखड्ड्यात उतरवल्याचे प्रकरण उघड झाले. मुख्याध्यापिका व शिक्षकावर कारवाई झाली. आळीपाळीने, सर्व मुला-मुलींनी, शिक्षकांसह वर्ग झाडणे वेगळे. आणि स्वच्छतागृह धुण्यासाठी ठरावीक मुलांना किंवा फक्त मुलींना बोलावणे, शिक्षा म्हणून ते काम देणे वेगळे. मैलाटाकीचा उपसा हे तर यंत्राचेच काम आहे. २०१३च्या कायद्याने त्यासाठी माणसाला सुरक्षा साधनांविना टाकीत उतरवण्यास मनाई आहे.

इतर राज्यांनी काय केले?

आंध्र प्रदेशने विद्यार्थ्यांच्या मातांना दिल्या जाणाऱ्या वार्षिक १५ हजार रुपयांच्या साहाय्यातून २०२१ पासून १००० रुपये वळते करून स्वच्छतागृह देखभाल निधी उभारला. त्यातून शाळांत पटानुसार ‘आया’ नेमल्या गेल्या आणि त्यांना दरमहा ६ हजार रुपये मानधन ठरले. निधीचा स्रोत निश्चित झाल्याने सफाईला नियमितपणा येण्याची सोय झाली. मात्र सरकारी शाळा स्वच्छ ठेवण्याचा खर्च गरीब मातांच्या साहाय्यातून का कापायचा, हा आक्षेप राहिलाच. तमिळनाडूत ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत नेमलेल्या अंशकालीन कर्मचाऱ्यांकडे देण्यात आली.

महाराष्ट्रात काय करता येईल?

एका शाळेचे काम दीड तासाचे असले तरी गावात शाळा एकटी नसते. अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत कार्यालय आणि शाळा यांची सफाई एकत्र केली तर एका माणसाचा पूर्ण दिवस भरतो आणि त्याला किमान वेतन देता येण्याजोगे काम उभे राहते. त्यासाठी पैशाची वाटही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील ठेवली. मात्र हे ऐच्छिक राहिले तर प्रत्येक मुख्याध्यापकाला दरवर्षी सरपंचांची मनधरणी करावी लागेल. जबाबदारी कोणाची, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे लागेल.

त्याचबरोबर सफाईचा निधी पटाऐवजी खोल्या व स्वच्छतागृहांच्या संख्येवर ठरवणे, साहित्य आणि मजुरी ही शीर्षे वेगळी करणे आणि शाळा व्यवस्थापन समितीने दर महिन्याला कामाची नोंद तपासणे, हे बदल तुलनेने सोपे आहेत. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख रुपयांचे बक्षीस ठेवण्यात आले. स्पर्धेने काही शाळा उजळतात. पण सोमवारी सकाळी स्वच्छतागृहाचे कुलूप उघडायचे, तर त्यासाठी ठरलेला माणूस आणि वेळेवर मिळणारी त्याची मजुरी लागते.